उच्च शिक्षणातील नोकरदार भगिनी : प्रशिक्षण आणि आपली जबाबदारी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही बँकेतील एक साधे कारकून. कला शाखेची पदवी घेतली त्यालाही आता पंचवीस वर्षे होत आली. महाविद्यालयात आणि विद्यापीठात नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रशिक्षणावर लिहिण्याचा अधिकार खरे तर प्राध्यापकांचा. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण आमच्या काउंटरचे. दर महिन्याला वारणा परिसरातील अनेक प्राध्यापिका, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहाय्यक आणि कार्यालयीन कर्मचारी भगिनींचा पगार आमच्या डोळ्यांसमोरून जातो. तो पगार कोणाचा, तो काढतो कोण आणि वाढतो किती, हे आम्हांस प्राध्यापकांपेक्षा थोडे जास्त कळते. दुसरे कारण आमच्या घरचे. आमच्या थोरल्या वहिनी महाविद्यालयात शिकवतात. त्यांच्या प्रशिक्षणाच्या बाबतीत आमच्या घराने जी चूक केली, ती इतर घरांत होऊ नये असे मनापासून वाटते. विद्यार्थी बंधू-भगिनींनी आणि विशेषतः त्यांच्या घरच्या मंडळींनी हा लेख वाचावा, ही विनंती.

१. आपल्या परिसराचे चित्र

वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखान्याच्या जोडीने शिक्षणाची कामे उभी केली. यशवंतराव चव्हाण वारणा महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले, तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये. पूर्वी ज्या मुलींना हायस्कूलनंतर घरी बसावे लागे, त्यांच्या मुली आज याच भागात पदवीधर होतात. महिलांच्या सहकाराचीही येथे परंपरा आहे. श्री वारणा महिला सहकारी उद्योग समूहाच्या सुवर्णमहोत्सवास २ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू वारणानगरला आल्या होत्या. त्यांनी आयुष्याची सुरुवात ओडिशात सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहाय्यक म्हणून केली आणि पुढे शाळेत शिक्षिकेचे काम केले, ही गोष्ट आम्हां कारकून मंडळींना विशेष जवळची वाटते.

देशाचे चित्र पाहिले तर केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार देशात सुमारे १५.९८ लाख प्राध्यापक होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण ४३.४ टक्के होते. म्हणजे शंभर पुरुषांमागे ७७ स्त्रिया. हा आकडा वाईट नाही. स्त्रिया वर्गात पोहोचल्या आहेत. प्रश्न आहे तो वर्गाबाहेर पडून प्राचार्यांच्या दालनात, खरेदी समितीत, परीक्षा विभागात आणि निवड समितीत किती स्त्रिया पोहोचतात हा.

एखाद्या महाविद्यालयात कार्यक्रम असला की समित्यांची यादी फलकावर लागते. ती यादी आपण कधी लक्षपूर्वक वाचली आहे काय? स्वागत, रांगोळी, सूत्रसंचालन आणि अल्पोपाहार या समित्यांत भगिनींची नावे असतात. खरेदी, बांधकाम आणि हिशेब या समित्यांत ती फारशी दिसत नाहीत. कोणी मुद्दाम अन्याय करतो असे आम्ही म्हणत नाही. "मॅडमना कशाला त्रास?" अशा सद्भावनेनेही हे घडते. परंतु ज्याला कधी हिशेबाची फाइल दिली गेली नाही, त्याला पुढे "तुम्हांला प्रशासनाचा अनुभव नाही" असे ऐकावे लागते. प्रशिक्षणाची गरज येथून सुरू होते.

२. प्रशिक्षणाची आपली परंपरा

प्रशिक्षण ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे असा काहींचा समज असतो. आपला इतिहास वेगळे सांगतो.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यातील शाळेत शिकवण्यास सुरुवात केली, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी शिक्षिका होण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिस फरार यांच्या आणि पुण्यात मिचेल बाईंच्या संस्थेत त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. महात्मा जोतीरावांनी पत्नीला अक्षरओळख करून दिली आणि तिच्या प्रशिक्षणालाही पाठबळ दिले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका नवऱ्याला जे सुचले, ते आज पदवीधर नवऱ्यांना सुचू नये, याला काय म्हणावे?

दुसरे उदाहरण आपल्या कोल्हापूरचे. करवीर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचे काम मिस लिटल या युरोपियन बाई पाहत असत. त्यांच्यानंतर राजर्षी शाहू छत्रपतींनी ती जबाबदारी रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपवली. रखमाबाईंच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या कोल्हापूरच्या रुग्णालयात डॉक्टर झाल्या आणि राजर्षींनी त्यांना पुढील शिक्षणासाठी परदेशी पाठवले. येथे दोन गोष्टी आहेत. आईला अधिकाराची खुर्ची मिळाली आणि मुलीला नोकरीत असताना पुढचे शिक्षण मिळाले. खुर्ची आणि प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय काम पुरे होत नाही, हे राजर्षींनी ओळखले होते.

बौद्ध वाङ्मयातही भिक्खुणी धम्मदिन्ना यांची कथा आहे. गृहस्थाश्रमात जो त्यांचा पती होता, त्या विसाखाने धम्माविषयी एकामागून एक कठीण प्रश्न विचारले आणि धम्मदिन्नांनी सर्वांची उत्तरे दिली. ती चर्चा भगवान बुद्धांच्या कानी गेली, तेव्हा आपणही हेच उत्तर दिले असते असे सांगून त्यांनी तिला मान्यता दिली. स्त्रीने शिकवावे आणि पुरुषाने ऐकावे, यात आपल्या परंपरेला कधी कमीपणा वाटला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित वर्ग महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा निकष सांगितला. त्याच्याही आधी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. मूल होण्याचा आणि वाढवण्याचा भार एकट्या बाईच्या मजुरीतून कापला जाऊ नये, हे त्यामागचे तत्त्व होते. गिरणीतील स्त्रीच्या संदर्भात मांडलेले हे तत्त्व महाविद्यालयातील स्त्रीलाही तितकेच लागू आहे. कसे, ते पुढे येईलच.

३. शासकीय व्यवस्था काय आहे?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांत अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. नव्याने नेमलेल्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स आणि आपापल्या विषयासाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर कोर्स अशी त्यांची मुख्य रचना होती. २०१८ च्या नियमावलीत ओरिएंटेशनचा कालावधी २१ दिवसांचा धरला आहे. २०१५ मध्ये या केंद्रांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. नावे बदलली तरी एक गोष्ट कायम आहे : हे कोर्स पदोन्नतीशी जोडलेले आहेत.

याखेरीज आयोगाने उच्च शिक्षणातील महिला व्यवस्थापकांच्या क्षमता-विकासाची एक स्वतंत्र योजना आखली. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७-१२) तिच्या कार्यशाळा देशभर झाल्या. संवेदनशीलता, जाणीव आणि प्रेरणा या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'सॅम' कार्यशाळा म्हणत. प्रशासन, शैक्षणिक नेतृत्व, स्त्री-अभ्यासाची दृष्टी, संशोधन आणि घर-नोकरीचा मेळ असे त्यांचे विषय असत. प्राध्यापिकेने केवळ चांगले शिकवावे एवढेच नव्हे, तर तिने विभागप्रमुख, प्राचार्य आणि कुलगुरूही व्हावे, हा त्यामागील उद्देश. असे होऊ शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या.

म्हणजे योजना आहेत आणि केंद्रेही आहेत. मग अडते कोठे? आमच्या अनुभवाने सांगायचे तर पहिली अडचण घराच्या उंबऱ्यावर येते.

४. आमच्या घरची गोष्ट

२००८ साली आमच्या बँकेने आम्हांस संगणक प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी दोन आठवडे पुण्याला पाठवले. पत्र दुपारी आले, संध्याकाळी घरी सांगितले. आईने चिवडा केला, दादांनी एस.टी.चे रिझर्वेशन केले. आमच्या सर्व शर्टांना इस्त्री कोणी केली असेल? वहिनींनी. तुमच्या मागे घराचे कसे होईल, असे आम्हांस एकानेही विचारले नाही.

वहिनी २००६ मध्ये शेजारच्या तालुक्यातील एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून लागल्या होत्या. एम.फिल. झालेल्या, पाच वर्षांनी वरच्या श्रेणीला पात्र होणाऱ्या. २००९ मध्ये त्यांना ओरिएंटेशन कोर्सचे पत्र आले. २८ दिवस, मुक्काम बाहेरगावी. धाकटा पुतण्या तेव्हा दोन वर्षांचा. आईचे गुडघे दुखत होते. रात्री जेवणानंतर घरात बैठक बसली. दादा गप्प राहिले. आई म्हणाली, "मूल लहान आहे." आणि सर्वांत शहाणे आम्ही. आम्ही म्हणालो, "वहिनी, नोकरी तर पक्की आहे. मग ट्रेनिंगची घाई कशाला? पुढच्या वर्षी जा."

वहिनी त्या वेळी एवढेच बोलल्या, "भाऊजी, तुमच्या ट्रेनिंगला घरानं बॅग भरून दिली. माझ्या ट्रेनिंगला घराची परवानगी लागते."

आम्हांस ते वाक्य तेव्हा टोमण्यासारखे लागले. ते साधे सत्य होते हे कळायला फार वेळ गेला. पुढच्या वर्षी परीक्षेचे काम आले, त्याच्या पुढच्या वर्षी आईचे ऑपरेशन, मग नणंदेचे लग्न. अखेर वहिनी २०१४ मध्ये कोर्सला गेल्या. पात्र झाल्या होत्या २०११ मध्ये. आयोग अशा अटींना वेळोवेळी मुदतवाढ देत असतो, हे त्यांना कोर्समध्ये भेटलेल्या इतर भगिनींकडून कळले. ती परिपत्रके कोणती, अर्ज कोणत्या नमुन्यात आणि कोणाकडे करायचा, हे घरी कोणी सांगू शकले नव्हते आणि नोकरीच्या ठिकाणीही कोणी सांगितले नव्हते. पदोन्नतीचा प्रस्तावच तीन वर्षे उशिरा गेला.

त्या २८ दिवसांत घराने काय केले, तेही सांगितले पाहिजे. दादा भाकरी थापायला शिकले. पहिला आठवडा आम्ही करपलेल्या भाकरी खाल्ल्या, पण कोणी उपाशी राहिले नाही. अकराव्या दिवशी मुलाला ताप आला. आम्ही त्याला दवाखान्यात नेले आणि वहिनींना दोन दिवसांनी कळवले. त्या रागावल्या, ते योग्यच होते. मुलाचे आईपासून लपवायचे नसते. पण त्या परत निघाल्या नाहीत. कोर्स पुरा करून आल्या. जे घर पाच वर्षे "जमणार नाही" म्हणत होते, त्या घराला ते २८ दिवसांत जमले. आधी जमले नाही, कारण जमवायचे नव्हते.

५. उशिराचा हिशेब

आम्ही बँकेतले असल्याने या उशिराची किंमत रुपयांत मांडून दाखवतो. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावी.

समजा, एक पीएच.डी. झालेली भगिनी सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत सहाय्यक प्राध्यापक म्हणून लागली. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. चार वार्षिक वेतनवाढींनंतर ते ६४,९०० होते. चार वर्षांनी ती वरच्या स्तराला पात्र आहे. सर्व अटी वेळेत पुऱ्या असतील तर तिचे मूळ वेतन ६८,९०० वर जाते. कोर्स राहिला म्हणून पदोन्नती अडली, तर ६४,९०० वरच. फरक दरमहा ४,००० रुपयांचा. वर्षाचे ४८,०००. तीन वर्षे उशीर झाला तर किमान १,४४,००० रुपये. हे फक्त मूळ वेतनाचे. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या प्रमाणात मिळतो, म्हणून तोही कमी. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे निवृत्तिवेतन अंशदानावर सुरू झाले आणि अंशदान पगाराच्या प्रमाणात कापले जाते, म्हणून म्हातारपणाची पुंजीही कमी.

एवढ्यावर हे थांबत नाही. पुढच्या स्तरासाठी लागणारी वर्षे या पदोन्नतीच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणून पहिली पायरी तीन वर्षे मागे पडली की पुढच्या सर्व पायऱ्या तीन वर्षे मागे पडतात. प्राचार्यपदाच्या जाहिरातीत जेव्हा अमुक वर्षांचा अनुभव आणि अमुक पद मागितले जाते, तेव्हा ही भगिनी थोडक्यासाठी बाहेर राहते. लोक म्हणतात, "बायका अर्जच करत नाहीत." तिचा अर्ज खरे तर कित्येक वर्षांपूर्वी, एका रात्री जेवणानंतरच्या बैठकीत नामंजूर झालेला असतो.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडलेले तत्त्व येथे आठवावे. मूल दोघांचे, घर सर्वांचे आणि कपात मात्र एकटीच्या पगारातून!

६. प्रशिक्षणात शिकायचे काय?

प्रमाणपत्र मिळवून ते फाइलला लावणे हा प्रशिक्षणाचा शेवट नव्हे. आमच्या मते नोकरदार भगिनीला तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत.

(अ) नियम वाचणे. स्वतःचे नियुक्तिपत्र, सेवापुस्तक, बिंदुनामावली, शासन निर्णय आणि आयोगाची नियमावली. एक उदाहरण घेऊ. निवड समितीसमोर अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि समितीच्या इतर सदस्यांत त्या वर्गाचे कोणी नसेल, तर त्या वर्गातील एक शिक्षणतज्ज्ञ समितीवर नेमावा, अशी तरतूद आयोगाच्या नियमावलीत आहे. ही तरतूद किती उमेदवारांना माहीत असते?

हा नियम का हवा, ते डॉ. कुमुद पावडे यांच्या आयुष्यावरून कळते. नागपूरच्या दलित कुटुंबात जन्मलेल्या कुमुदताई संस्कृत घेऊन उत्तम रीतीने एम.ए. झाल्या, परंतु नोकरी मिळत नव्हती. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि मग नेमणूक झाली. पुढे अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. ही सर्व हकिगत त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अंतःस्फोट' या आत्मकथनात परखडपणे मांडली आहे. गुणवत्ता तीच होती, बदलले होते फक्त आडनाव. म्हणून एकटीची गुणवत्ता पुरत नाही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही आपली जाणती माणसे बसलेली असावी लागतात, आणि तेथे बसण्यासाठी प्रशिक्षण लागते.

(आ) हिशेब वाचणे. अंदाजपत्रक, खरेदीची दरपत्रके, अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र. आणि सर्वांआधी स्वतःचे पासबुक! डॉक्टरेट मिळवलेल्या भगिनीचे एटीएम कार्ड यजमानांच्या खिशात, पिनही त्यांनाच पाठ, आणि तिला स्वतःची शिल्लक माहीत नाही, अशी उदाहरणे काउंटरवर आम्ही पाहतो. ज्या हाताला स्वतःच्या दहा हजारांचा हिशेब करण्याची सवय नाही, त्या हातात संस्था दहा लाखांची फाइल कशी देईल? सक्षमीकरणाचा पहिला धडा म्हणून प्रत्येक भगिनीने आपले खाते, नामनिर्देशन, विमा आणि कर्जाची कागदपत्रे स्वतः वाचावीत. यात पतीवर अविश्वास नाही. हे आपल्याच घराचे ज्ञान आहे.

(इ) बैठक वाचणे. विषयपत्रिका आधी मागून घेणे, मागील इतिवृत्त तपासणे, ठरावाचे शब्द नीट लिहून घेणे, असहमती असेल तर तिची नोंद करायला सांगणे. याचे महत्त्व आता कायद्यानेही वाढले आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असावी, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. चौकशी ९० दिवसांत पुरी करावी लागते. म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाला निदान एक तरी अशी वरिष्ठ भगिनी हवीच, जिला तक्रार ऐकता येते, दोन्ही बाजूंचे जबाब नोंदवता येतात आणि दबाव आला तरी अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहिता येतो. प्रशिक्षण नसेल तर ती दाखवलेल्या जागी सही करील. त्या सहीमुळे एखाद्या विद्यार्थिनीचा न्याय बुडू शकतो. भगिनींच्या प्रशिक्षणात आपल्या मुलींची सुरक्षितता गुंतलेली आहे ती अशी.

वहिनी कोर्सहून परत आल्यानंतर पहिल्याच बैठकीत त्यांनी मागील इतिवृत्ताची वही पाहायला मागितली. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, असे त्यांनी हसत सांगितले. वही मात्र मिळाली.

७. ज्यांना कोर्सही मिळत नाही

एका वर्गाचा उल्लेख केल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आपल्या समाजातील अनेक मुली नेट-सेट आणि पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते. तास बुडाला की मानधनही बुडते. पगारी रजा नाही, म्हणून २१ दिवस कोर्सला जाणे म्हणजे तितक्या दिवसांच्या पोटावर पाणी सोडणे. ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर, लिपिक आणि सफाई कर्मचारी भगिनी याही उच्च शिक्षणातच काम करतात, पण प्रशिक्षणाचा विचार होताना त्यांची आठवण क्वचितच होते. कार्यालयातील एखाद्या भगिनीला संगणकावरील वेतनप्रणाली शिकवली तर तिचे आयुष्य बदलू शकते, हे आम्ही आमच्या क्षेत्रात पाहिले आहे.

अलीकडे बरेच कोर्स ऑनलाइन झाले, ही सोय मोठी आहे. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. परंतु पडद्यावर व्याख्यान चालू असताना मागे कुकरची शिट्टी होत असेल आणि "जरा चहा ठेव" अशी हाकही येत असेल, तर ते प्रशिक्षण अर्धेच राहते. ऑनलाइन कोर्स असला तरी त्या वेळेपुरती भगिनी बाहेरगावी गेली आहे असे घराने समजावे.

८. संस्थेने काय करावे?

शासनाने काय करावे याची यादी मोठी होईल. आपल्या हातात असलेल्या गोष्टींपुरत्या आमच्या सूचना अशा :

(१) परिसरात उच्च शिक्षणात काम करणाऱ्या आपल्या सर्व भगिनींची, कायम आणि तासिका तत्त्वावरील, शिक्षक आणि शिक्षकेतर, नोंदवही संस्थेने तयार करावी. कोणाचा कोणता कोर्स राहिला आहे, याची नोंद तीत असावी.

(२) महिन्यातून एका रविवारी विहारात 'फाइल वाचन वर्ग' भरवावा. त्यात नवे शासन निर्णय आणि परिपत्रके सोप्या मराठीत समजावून सांगावीत. हिशेबाच्या भागासाठी आम्ही आणि आमचे बँकेतील सहकारी विनामूल्य वेळ देऊ.

(३) कोर्सला जाणाऱ्या भगिनीच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर शेजारच्या दोन कुटुंबांनी पाळी लावून मदत करावी. लग्नकार्यात आपण पाळ्या लावतोच. मग शिक्षणकार्यात का नको?

(४) तासिका तत्त्वावरील भगिनींसाठी छोटा निधी असावा. सेट परीक्षेची फी, प्रवासखर्च किंवा कोर्सच्या दिवसांचे बुडालेले मानधन यांसाठी तो वापरावा. हिशेब दरवर्षी सभेत वाचून दाखवावा.

(५) निवृत्त झालेल्या प्राध्यापिका आणि अधिकारी भगिनींनी प्रत्येकी दोन तरुण भगिनींची जबाबदारी घ्यावी. मुलाखतीपूर्वी एक तास जरी जाणत्या भगिनीने दिला, तरी त्याचा उपयोग होतो.

(६) आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीतही भगिनींना खजिनदार आणि सचिवपद द्यावे. आपणच त्यांना फक्त स्वागतगीताला उभे केले, तर महाविद्यालयांना दोष देण्याचा आपणांस काय अधिकार?

९. समारोप

वहिनी आज त्यांच्या विभागाच्या प्रमुख आहेत. गेल्या वर्षी त्यांना एका आठवड्याच्या प्रशिक्षणाचे पत्र आले. ज्या पुतण्याचे वय २००९ मध्ये दोन वर्षांचे होते, त्याने माळ्यावरून बॅग खाली काढली, पुसली आणि आईच्या साड्या घडी करून तीत ठेवल्या. त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो. आम्ही कधीतरी जे वाक्य बोलून गेलो होतो, ते आठवून आमची मान खाली गेली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात उद्या असे पत्र येईल. आईला, बहिणीला, वहिनीला किंवा पत्नीला. तेव्हा बैठक भरवू नका. बॅग खाली काढा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या महाविद्यालयातील समित्यांची यादी मिळवा. कोणत्या समित्यांत किती भगिनी आहेत, याचा तक्ता करा.

२. लेखातील वेतनाचे उदाहरण पाच वर्षांच्या उशिरासाठी पुन्हा मांडा. उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

३. तुमच्या महाविद्यालयात अंतर्गत समिती आहे काय? तिच्या अध्यक्षांचे नाव फलकावर लावले आहे काय?

४. तुमच्या घरातील कोणत्या भगिनीचे शिक्षण वा प्रशिक्षण "पुढच्या वर्षी" म्हणून राहिले आहे? ते या वर्षी होण्यासाठी तुम्ही स्वतः कोणते काम अंगावर घ्याल?

जय भीम!